दमसास

मराठी भाषेने 'दम' या दोन अक्षरी शब्दावर जेवढे काम लादले आहे, तेवढे दुसऱ्या कुठल्या शब्दावर क्वचितच लादले असेल. धावणाऱ्याला दम लागतो, घाट चढणारा मध्येच थांबून दम खातो, उतावळ्याला दम निघत नाही, शहाणा दम धरतो, सावकार दम देतो आणि हेडमास्तर दम भरतात. ज्याच्या बोलण्यात काही तथ्य नाही, त्याच्या बोलण्यात दम नाही. आणि पातेल्यावर झाकण ठेवून बिर्याणीला जो द्यावा लागतो, तोही दमच. वर्गात या शब्दाविषयी बोलताना मी मुलांना नेहमी सांगते, की संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियांचा निग्रह आणि फारसीतला दम म्हणजे श्वास. दोन वेगळ्या दिशांनी आलेले दोन परके पाहुणे मराठीच्या ओसरीवर एकत्र बसले आणि कोण कुठला हे पुढे कुणाला सांगता येईना. गवयाच्या दमसासाचे आपण कौतुक करतो तेव्हा त्यात श्वास किती आणि निग्रह किती, हे खुद्द गवयाला तरी कुठे माहीत असते?

हे सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. पण दम ही मोजता येण्यासारखी वस्तू आहे, ती एकेकट्याची नसून सगळ्या मंडळीची मिळून असते, आणि कुणाकुणाला ती नसल्याचे वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही, या तीन गोष्टी मला आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानावर समजल्या.

मराठीची प्राध्यापिका बास्केटबॉलच्या मैदानावर कशी पोचली, असे तुम्ही विचाराल. सरळ आहे. मुलींचा संघ परगावी खेळायला जायचा तर बरोबर एक बाईमाणूस हवे, असा नियम आहे. आणि जिमखाना समितीच्या बैठकीत ज्या बाई गैरहजर असतात, त्यांची निवड एकमताने होते, असाही एक अलिखित नियम आहे. त्या दिवशी मी पेपर तपासायला गेले होते. परत आले तो माझ्या टेबलावर खेळाच्या नियमांचे पुस्तक ठेवलेले. ते मी दोन रात्री वाचले. माझ्या मते अभिनवगुप्त त्यापेक्षा सोपा आहे.

मला धीर दिला तो एका परदेशी माणसाने. अमेरिकेतल्या जॉन वुडन यांचे नाव या खेळात फार मोठे. त्यांच्या हाताखालच्या यू.सी.एल.ए. विद्यापीठाच्या संघाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हे गृहस्थ आधी शाळेत इंग्रजी शिकवीत. भाषेचा मास्तर! सरावात मिनिटामिनिटाला काय करायचे ते एका छोट्या कार्डावर लिहून आणीत, आणि नव्या खेळाडूला पहिला धडा देत तो मोजे कसे घालायचे याचा; कारण मोज्याला चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की खेळाडू बसतो. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी बाकावर बसून त्यांचा प्रत्येक शब्द टिपला. शाबासकी थोडी, रागावणे थोडे. जवळजवळ तीन चतुर्थांश बोलणे केवळ शिकवणे. हे वाचल्यावर मला वाटले, हा तर आपलाच व्यवसाय आहे. फक्त खडू नाही.

आमचे खेळांचे सरही याच जातीचे निघाले. उंची बेताची, बोलणे त्याहून बेताचे, आणि खिशात नेहमी एक चारपदरी घडी केलेला कागद. ते आमच्याकडे रुजू झाले तेव्हा मुलींच्या संघाची एक ख्याती होती. मध्यंतरापर्यंत आमच्या मुली कुणालाही भारी जात. मग गाडी चढाला लागावी तशा मंद होत जात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कमरेवर हात ठेवून समोरच्या मुलींचे खेळणे पाहत उभ्या राहत. आदल्या वर्षी मध्यंतराला एक गुण पुढे असलेला सामना एकोणीस गुणांनी गेला होता.

"यांच्यात दम नाही," गावातले एक माजी खेळाडू मला म्हणाले. हे गृहस्थ दर वर्षी संघाला बूट देतात, त्यामुळे मताचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप आलेला. "आमच्या वेळी मैदानाला रोज पंधरा चकरा असायच्या. चुकलं की आणखी पाच. चेंडूला हात लावायला मिळायचा तो शनिवारी."

सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून चकरा बंद केल्या.

मी कारण विचारले तेव्हा त्यांनी मला मैदानावर नेले आणि हिशोब मांडला. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. त्यावर पाच विरुद्ध पाच. दहा दहा मिनिटांचे चार भाग. चेंडू हाती आल्यापासून आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची आणि चोवीस सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने चेंडू टाकायचा. या चौकटीत कुणाला सरळ दोनशे पावले धावताच येत नाही. चार पावले पळ, थांब, उलट वळ, आडवे सरक, उडी मार, पुन्हा पळ. ऑस्ट्रेलियातल्या पुरुष खेळाडूंचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सामन्यात एका खेळाडूची हालचाल सुमारे हजार वेळा बदलते, म्हणजे सरासरी दर दोन सेकंदांनी. "आता सांगा मॅडम," सर म्हणाले, "एकाच चालीनं पंधरा चकरा मारून हे कसं येणार? ज्याला तबला वाजवायचाय त्याच्याकडून आपण रोज घंटा वाजवून घेतो."

आणि गंमत पाहा, हा खेळ जन्माला आला तोच मुळी कंटाळवाण्या व्यायामावर तोड म्हणून! १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत अठरा तरुण बंद दालनातल्या त्याच त्या कवायतीला विटले होते. बाहेर हिवाळा. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला चौदा दिवसांची मुदत मिळाली, की या पोरांसाठी काही तरी शोधून काढ. त्याने पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना लावला. सबंध सामन्यात एकच बास्केट पडली. पण कवायतीला विटलेली मुले घामाघूम झाली आणि उद्या पुन्हा खेळू म्हणाली. वाय.एम.सी.ए.च्याच वाटेने तो खेळ पुढे हिंदुस्थानात आला. मुंबईचे नागपाडा तर बास्केटबॉलची वस्ती म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे धावण्याचा कंटाळा घालवायला निघालेला खेळ, आणि तो शिकवायला आपण आधी पंधरा चकरांचा कंटाळा आणतो!

सरांच्या कागदावर जे होते ते मी रोज बाकावर बसून पाहू लागले. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करणे. त्यातच उडी मारून उतरण्याचा धडा. उतरताना गुडघे वाकलेले हवेत आणि ते एकमेकांकडे झुकता कामा नयेत. या खेळात गुडघ्याच्या आतला बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त आहे, आणि उतरायला नीट शिकवले तर ते कमी होते. "मांजर उतरते तसं. आवाज आला तर पुन्हा," एवढेच सर म्हणत. बारा मुली उड्या मारीत आहेत आणि मैदानावर आवाज नाही, हे दृश्य मोठे विलक्षण असते.

मग तीन जणींची वेणी. हा प्रकार पाहून मला पहिल्यांदा वाटले, की या खेळात मराठीच्या शिक्षिकेला काही तरी कळू शकेल. तिघी एका रेषेत उभ्या राहतात. मधली उजवीकडे चेंडू देते आणि जिला दिला तिच्या मागून पळत बाहेर जाते. ती पुढच्या मुलीला देते आणि तिच्या मागून जाते. चेंडू जमिनीला न लागता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, तिघींच्या वाटा एकमेकींत गुंफल्या जातात, आणि शेवटी एक जण रिंगणाखाली उडी घेऊन बास्केट करते. हुबेहूब तिपेडी वेणी. तीन पेडांतला एक सैल सुटला तर सगळी वेणी सुटते. चार मिनिटांत संघाने मिळून किती बास्केट केल्या ते मोजायचे. तुझ्या किती, माझ्या किती, हा प्रश्नच नाही. पहिल्या आठवड्यात चौदा झाल्या. महिनाअखेर तेवीस. या चार मिनिटांत प्रत्येक मुलगी चकरांत धावली असती त्याहून जोरात धावे, आणि आपण व्यायाम करीत आहोत हे तिला कळतही नसे.

नंतर जोडीजोडीने आडवे सरकत बचाव. मग तीन विरुद्ध तीन असा सबंध मैदानावरचा खेळ, चार मिनिटे खेळ आणि दोन मिनिटे विसावा, असे चार वेळा. पुढच्या आठवड्यात पाच वेळा. त्याच्या पुढच्या आठवड्यात विसावा दीड मिनिटाचा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आठवड्यातले दोन दिवस हलके ठेवायचे, सामन्याच्या आदल्या दिवशी दमायचे नाही. आणि धाप लागलेली असतानाच प्रत्येकीने दोन फ्री थ्रो टाकायचे. "सामन्यात तो धाप लागल्यावरच मिळतो," सर म्हणाले. "निवांत उभं राहून शंभर टाकले, तर ते निवांतपणाचे झाले."

या साऱ्यात मला एक गोष्ट दिसली. एकटी मुलगी चकरा मारते तेव्हा ती दमली की हळू होते. ते तिच्याशिवाय कुणाचे बिघडवीत नाही. पण वेणीत ती हळू झाली, की पुढचीचा चेंडू हवेत जातो. तिला पाय उचलावा लागतो तो सरांच्या धाकाने नाही, मैत्रिणीच्या हाताकडे पाहून. आपल्या हुतूतूत आणि खोखोत हेच तर आहे. बसलेल्या गड्याला खो मिळाला की तो आपला दम विचारीत बसत नाही, उठतो. आणि उलटही खरे. जी खरोखरीच दमली आहे ती वेणीत लपत नाही. चकरांच्या रांगेत शेवटची मुलगी आळशी दिसते. वेणीत ती दमलेली दिसते. हा फरक फार मोठा आहे.

तो फरक आम्हाला सात नंबरने दाखवला. तिचे नाव मी सांगत नाही. पाठीवरच्या आकड्यानेच ओळखू या. अंगाने सडपातळ, हात लांब, नजर अशी की पाठीमागून येणारी मुलगी तिला न वळता कळे. पण तिसऱ्या फेरीला तिचा चेंडू अर्ध्या हाताने कमी पडू लागे. आदल्या वर्षी चकरांत ती नेहमी शेवटी असायची, आणि त्याबद्दल तिने किती जादा चकरा मारल्या त्याची गणती नव्हती.

सरांनी जुलैपासून एक नवीन शिस्त घातली होती. प्रत्येक फेरी संपली की मुलींनी मानेच्या बाजूला दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायची. धावताना नाडी किती चढली, यापेक्षा थांबल्यावर ती किती उतरली यावर सरांचा डोळा. पंधरा सेकंदांत कुणाची चव्वेचाळीस, कुणाची सेहेचाळीस. मिनिटाने बत्तीस, चौतीस. सात नंबरची अठ्ठेचाळीस. आणि मिनिटाने सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सर माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला जरा बाजूला घ्या आणि खालची पापणी ओढून पाहा. आतून लाल आहे का पांढरट?"

मी पाहिले. धुतलेल्या फडक्यासारखी होती.

सरकारी दवाखान्यात सगळ्या बाराजणींचे रक्त तपासून घेतले. बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन बाराच्या खाली असले, तर तो रक्तक्षय समजतात. आमच्या बाराजणींतल्या सहा त्याच्या खाली होत्या. सात नंबरचे ८.४. आमचा संघ काही जगावेगळा नव्हता. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही, त्या देशात मुलींना दम नाही म्हणून आपण त्यांना मैदानाला जादा चकरा मारायला लावतो. फुप्फुसात घेतलेली हवा स्नायूंपर्यंत पोचवायची ती हिमोग्लोबिनच्याच गाड्यांतून. गाड्याच कमी असल्या, तर त्याच कामाला हृदयाला दीडपट खेपा कराव्या लागतात. सरावाने हृदय बळकट होईल, पाय तयार होतील. पण सरावाने लोह येत नाही. ते ताटातून आणि औषधातून यावे लागते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दोन महिने जोराचे धावणे बंद ठेवायला सांगितले. तिसऱ्या दिवसापासून सात नंबर मैदानावर यायचीच बंद झाली. मग मी तिच्या घरी गेले.

दोन खोल्यांचे घर. वडील ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आई एका खानावळीसाठी रोज सव्वाशे भाकऱ्या थापते. मी गेले तेव्हाही तव्यावर भाकरी होती. परातीतला हात न थांबवता त्यांनी मला बसायला सांगितले आणि धाकटीला चहा टाकायला लावला.

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. पोरीच्या अंगात रगत नाही म्हणता, आणि वर तिला पळवता. हाय ते आटवायचं का? पोरीच्या जातीला दम लागतोच. घरी बसली तर चार भाकऱ्या तरी थापंल."

खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. घरातल्या माणसाची ताकद कशी पुरवून वापरायची, याचा हिशोब त्या रोज करीत होत्या. मी म्हणाले, "ताई, ती दोन महिने पळणार नाही. डॉक्टरांचीच तशी आज्ञा आहे. पण तिला मैदानावर पाठवा."

"पळायचं न्हाई तर जायाचं कशाला?"

"मोजायला," मी म्हणाले. "बाराजणींची नाडी रोज कुणी तरी वहीत लिहायला हवी. आणि कुणाचा चेंडू कुठे कमी पडतो हे तिला जसं दिसतं, तसं आमच्यात कुणालाच दिसत नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. भाकरी उलटली, तव्याखालची आच कमी केली. निघताना मी चहाबद्दल सांगितले, की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. गोळीही चहावर घ्यायची नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची. माझ्या हातात त्यांच्याच घरचा चहा होता, हे माझ्या लक्षात आले, त्यांच्याही आले. त्या पहिल्यांदाच हसल्या.

घरी परतताना मला आठवत होत्या त्या सेंडा बेरेन्सन. नेस्मिथचा खेळ निघाला आणि लगेच, १८९२ च्या सुमारास, या तरुण शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. १८९३ च्या मार्चमध्ये तिथल्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. बेरेन्सन स्वतः लहानपणापासून नाजूक प्रकृतीच्या. व्यायामाच्या शाळेत त्यांची प्रकृती सुधारली, म्हणून मुलींना व्यायाम हवा यावर त्यांची श्रद्धा. पण काळ असा, की मुलींनी धावणे हेच पुष्कळांना अभद्र वाटे. थकव्याने त्या खचतील, अशी डॉक्टरांनाही धास्ती. बेरेन्सनबाईंनी तडजोड काढली. मैदानाचे तीन भाग केले आणि नियम घातला, की आपला भाग सोडून कुणी जायचे नाही. ही आपल्या तुकड्यात, ती आपल्या तुकड्यात. मुलींना खेळायला तर मिळाले. फक्त मैदान मिळाले नाही.

त्या बाईंना आपण दोष देऊ नये. त्यांनी दार किलकिले केले म्हणून पुढच्या आत शिरल्या. पण किलकिले दार पुढच्या लोकांनी तसेच ठेवले, ते किती वर्षे! तिनाचे दोन भाग झाले. तीन मुलींनी या अर्ध्यात केवळ बचाव करायचा, तीन मुलींनी त्या अर्ध्यात केवळ बास्केट करायच्या, आणि मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना सबंध मैदान मिळाले ते १९७१ साली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, स्त्रियांचा १९७६ साली. आणि आयोवा राज्यातल्या शाळांनी अर्ध्या मैदानाचा हा खेळ सोडला १९९३ साली, ओक्लाहोमाने १९९५ साली! शंभर वर्षे एक समजूत नियम होऊन बसली होती, की बाईला दम पुरणार नाही. आणि ज्याला अर्ध्याच मैदानात धावू दिले, त्याला सबंध मैदानाचा दम कुठून येणार? समजूत आपला पुरावा आपणच तयार करीत होती.

आमच्या गावात तो नियम छापलेला नव्हता, इतकेच. तो सव्वाशे भाकऱ्यांच्या परातीपाशी होता, चकरांच्या रांगेत शेवटी होता, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेल्या आमटीत होता.

चौथ्या दिवशी सात नंबर आली. काखेत दोनशे पानी वही. तिने पट्टीने रकाने आखले: तारीख, फेरी, लगेचची नाडी, मिनिटानंतरची नाडी, आणि शेवटचा रकाना तिने आपल्या मनाने जोडला, 'आज काय खाल्लं'. हा शेवटचा रकाना आमच्या डोळ्यांत अंजन घालणारा ठरला. संध्याकाळी साडेचारला सरावाला येणाऱ्या मुलींपैकी पाचजणींच्या पोटात सकाळच्या चहाबिस्किटांनंतर काही नसायचे. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या कागदावर सरावाच्या आधी पाऊण तास 'खाणे' असा एक शब्द वाढला. प्रत्येकीने आपल्या घरून काही तरी आणायचे आणि एकत्र वाटून खायचे. शेंगदाणे आणि गूळ, मोड आलेले मूग, भाकरी आणि मेथीची भाजी, वर लिंबू. कुणाच्या आजीने बाळंतिणीसाठी करावेत तसे अळिवाचे लाडू धाडले. बूट देणाऱ्या गृहस्थांना हे कळले तेव्हा ते थोडे नाराज झाले. "हा सराव आहे का हळदीकुंकू?" ते म्हणाले. पण महिन्याला पाच किलो शेंगदाणे त्यांच्या दुकानातून येऊ लागले. माणसे बोलतात त्यापेक्षा बरी असतात.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. वहीतल्या दुसऱ्या आकड्यांच्या रकान्यात हळूहळू उतार पडत गेला. चौतीसच्या बत्तीस, बत्तीसच्या तीस. ज्या आकड्यांवर मुली आधी हसत, ते आता त्या एकमेकींचे तोंडपाठ म्हणू लागल्या. ऑक्टोबरात सात नंबरचे रक्त १०.६ झाले, नोव्हेंबरच्या शेवटी ११.७. डॉक्टरांनी आधी हलके पळायला, मग वेणीत उतरायला परवानगी दिली. त्या दिवशी तिने वहीत स्वतःचा आकडा पहिल्यांदा लिहिला: सत्तेचाळीस, मिनिटाने छत्तीस. तो आकडा तिने गिरवून ठळक केला आहे. मी वही तपासताना पाहिले.

डिसेंबरातल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. तीन गुणांनी. पण शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचे अकरा गुण झाले, आमचे सोळा. सात नंबर त्यात सहा मिनिटे खेळली. या खेळात बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो, त्यामुळे सरांनी तिला दोन-दोन मिनिटांनी आणले. बाराच्या बाराजणी त्या दिवशी मैदानावर येऊन गेल्या. पाचजणींचा दम हा संघाचा दम नसतो. तो बाराजणींनी मिळून पुरवायचा असतो. सामना संपला तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली आमच्यात एकही नव्हती. हरलेल्या संघाचे इतके सुरेख दर्शन मला पूर्वी कधी झाले नव्हते.

जानेवारीत गोळ्यांची पुढची खेप आणायला सात नंबर आईला घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईंनी मुलीच्या रक्ताचा थेंब घेतला आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचंही बोट द्या बघू." आईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग दिले. ७.९.

त्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला भेटायला आल्या. पायऱ्या चढून आल्यामुळे थोडा वेळ बोलता येईना. मी पाणी दिले. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बाई, मला वाटायचं बाईमाणसाला असा दम लागतोच. माझ्या आईला लागायचा. तिच्या आईला लागायचा. ह्याला औषध असतं, हे कधी कुणी सांगितलंच न्हाई."

मी एम. ए.ला काव्यशास्त्र घेतले होते. करुण रसाचे लक्षण मला अजून पाठ आहे. पण त्या वेळी मला त्यातले काही सुचले नाही. मी त्यांना एवढेच सांगितले, की गोळी चहावर घेऊ नका.

संघाची ती वही आता माझ्याकडे असते. नव्या वर्षीच्या रक्ततपासणीचे पान सात नंबरने आखले आहे. बाराजणींची नावे एकाखाली एक, समोर जुलैचा आकडा, जानेवारीचा आकडा. बाराव्या नावाखाली तिने एक ओळ वाढवली आहे: 'आई, ७.९'. सरांनी ते पाहिले. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. मग पट्टी मागून घेतली, आणि त्या तेराव्या ओळीपुढे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन रिकामे रकाने स्वतःच्या हाताने आखले.